टूसॉनच्या अंगणातला मसाल्याचा डबा

नागपूरला इतवारीच्या भांडे ओळीत मी मसाल्याचा डबा घेतला आणि आतल्या वाट्या नकोत म्हणालो, तेव्हा दुकानदार हातातलं काम सोडून माझ्याकडे पाहायला लागला. "काकाजी, वाट्या नाही घेसान तं मसाला कायच्यात ठेवसान?" मी म्हणालो, मसाला नाही ठेवायचा, साखरेचं पाणी ठेवायचं आहे. पक्ष्यासाठी. त्यानं वाट्या काढून घेतल्या आणि तेवढे पैसे कमी केले. मी खिशातलं लोहचुंबक काढून डब्याला लावून पाहिलं. चिकटलं असतं तर डबा परत केला असता. नाही चिकटलं म्हणून स्टील एक नंबरचं असेलच असं नाही, पण हलक्यातलं हलकं तरी गळून पडतं. पस्तीस वर्षं हिंगण्याच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या विभागात, काढली. चुंबक आणि सहा इंची पट्टी अजून खिशात असतेच.

तो डबा आज अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात, माझ्या मुलीच्या अंगणात मेस्किटच्या झाडाला टांगलेला आहे. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. तेच काटे, त्याच शेंगा. आणि त्या डब्यावर येतात हमिंगबर्ड. हा डबा तिथवर कसा पोचला, त्यात माझं काय काय चुकलं आणि काय जमलं, ते सगळं एकदा नीट लिहून ठेवायचं होतं.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही दोघं मुक्ताकडे तीन महिने राहायला गेलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी ओसरीत चहा घेत होतो. आधी आवाज आला. कूलरच्या पंख्यात कागदाचा कपटा अडकला की येतो तसा, फर्रर्र. मान वळवली तर हातभर अंतरावर एक पक्षी हवेत थांबलेला. थांबलेला म्हणजे खरोखर थांबलेला, दोरीनं टांगल्यासारखा. पंखांच्या जागी नुसतं धुकं. करडा-हिरवट, तसा साधाच दिसत होता. मग त्यानं मान जराशी माझ्याकडे वळवली आणि गळ्यापासून कपाळापर्यंत सगळं एकदम गडद गुलाबी पेटलं. पुन्हा मान वळवली, विझलं. त्या पिसांत तो रंग भरलेला नसतो, उजेड एका ठरावीक कोनातून परतला की तो दिसतो. ॲनाज हमिंगबर्डचा नर होता तो. वजन चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या रुपयाच्या नाण्याएवढं. माझा चहा गार झाला.

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात, उत्तरेत अलास्कापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. आपल्याकडे एकही नाही. आपल्या गच्चीवर जास्वंदीवर येतो तो शिंजीर. दोघांची चोच बारीक, दोघंही मधुरसावर जगणारे, म्हणून लोक शिंजिराला भारतातला हमिंगबर्ड म्हणतात. पण नात्यानं ते एकमेकांचे कोणी नाहीत. हमिंगबर्ड आपल्या पाकोळीच्या जवळचा. शिंजीर फांदीवर किंवा फुलाच्या देठावर बसून पितो, पंख मारत थांबतो ते क्षणभर. कितीदा तर जास्वंदीच्या तोंडाशी जातही नाही, फुलाच्या बुडाला चोचीनं भोक पाडून तिथूनच रस काढतो.

मुक्ताच्या अंगणात तेव्हा बाजारातून आणलेला एक फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी साखरेचं पाणी ठेवायचं भांडं, होता. लाल प्लॅस्टिकची उपडी बाटली, खाली तबकडी, तबकडीवर पिवळी प्लॅस्टिकची फुलं, फुलांच्या मध्ये छिद्रं. ती आठवड्यातून दोनदा न चुकता धुवायची. एकदा मी तो हातात घेऊन उजेडात धरला आणि फुलाच्या नळीत आत काळपट काहीतरी दिसलं. ब्रश घातला, पोचला नाही. काडीला कापूस गुंडाळून घातला, तोही वळणाशी अडकला. तबकडीचे दोन भाग कारखान्यातच कायमचे चिकटवलेले, उघडायची सोयच नाही. मग मी मुक्ताला विचारून हॅक्सॉनं तबकडी मधोमध कापली. टूलरूममध्ये साचा बिघडला आणि कारण सापडेना की आम्ही वस्तू कापून तिचा छेद पाहायचो, ती सवय. आत सगळ्या कोपऱ्यांतून बुरशीची काळी रेघ गेलेली. मुक्ता रडवेली झाली. "बाबा, मी धूत होते हो." ती धूतच होती. ज्यानं ती वस्तू बनवली, त्यानं धुणाऱ्याच्या बोटांचा विचार केला नव्हता. मला त्या दिवशी राग आला, आणि खरं सांगायचं तर तो राग अजून गेलेला नाही. चार ग्रॅमचा जीव विश्वासानं चोच घालतो त्या भोकात.

परत येताना विमानातच ठरवलं की हा मी बनवणार. नियम एकच: आतल्या प्रत्येक जागेपर्यंत माझं बोट पोचलं पाहिजे.

या फीडरचा इतिहासही मला फार आवडला. बोस्टनच्या लॉरेन्स वेबस्टर नावाच्या गृहस्थांनी आपल्या पत्नीसाठी, १९२९ च्या सुमारास, काच फुंकणाऱ्या कारागिराकडून हमिंगबर्डसाठी एक काचेचा फीडर करून घेतला होता. तोच पुढे १९५० मध्ये बाजारात आला. म्हणजे सुरुवात घरातल्या माणसाच्या हौसेपोटी. मला ते वाचून धीर आला.

पहिला नमुना मी एप्रिलमध्ये केला आणि तो मी उपड्या बाटलीचाच केला, कारण डोळ्यांसमोर तेच होतं. फक्त रुंद तोंडाची काचेची बाटली घेतली आणि खालची तबकडी उघडणारी केली. कोंबड्यांना पाणी ठेवायचं उपडं भांडं असतं ना, तेच तत्त्व. बाहेरची हवा खालून पाण्याला दाबून धरते, बाटलीतलं पाणी पडत नाही. तबकडीतली पातळी उतरली की एक बुडबुडा आत जातो आणि तेवढंच पाणी खाली येतं. छान चाललं. त्रिमूर्तीनगरच्या आमच्या गच्चीवर टिनाच्या शेडखाली टांगला, रात्रभर एक थेंब नाही.

मग मे आला. सकाळी फरशी कोरडी, दुपारी चार वाजता खाली साखरेचं थारोळं आणि त्याला मुंग्यांची रांग. संध्याकाळी पुन्हा गळणं बंद. आधी मी जोड तपासले. जोड पक्के होते. दुसऱ्या दिवशी बाटली भरून टांगली तर दुपारी फार गळली नाही. अर्धी झाल्यावर मात्र जोरात गळायला लागली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. बाटलीत जितकी हवा जास्त, तितकं गळणं जास्त. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, सुरू झाला तसं मी मोजायलाच बसलो. अर्ध्या लिटरची बाटली, अर्धी रिकामी, म्हणजे आत २५० मिली हवा. सकाळी बाटली ३० अंशांवर, दुपारी टिनाच्या झळीत ५० वर. खाली ठेवलेल्या मापात ४० मिली पाणी जमलं. नुसती हवा तापून फुगली असती तर १६-१७ मिली पडायला हवं होतं. बाकीचं वाफेनं ढकललं होतं, कारण पाणी तापलं की बाटलीतल्या हवेत वाफही वाढते आणि तीही जागा मागते. जोड कितीही पक्के केले तरी हे थांबणारं नाही. पाण्याला बाहेर पडायला भोकं आपणच ठेवलेली असतात.

टूसॉनचा उन्हाळा आपल्यासारखाच, ४० च्या वर. तिथे हा फीडर रोज दुपारी गळला असता आणि मुक्ता मुंग्या झाडत बसली असती. ही एक गोष्ट नागपूरच्या उन्हानं मला घरबसल्या दाखवली. पुण्यात राहत असतो तर कदाचित इतक्या ठसठशीतपणे दिसलीही नसती.

म्हणून बाटली सोडली आणि उघड्या, पसरट भांड्याकडे वळलो. पाणी खाली, छिद्र वरच्या झाकणात. हवा कोंडलेली नाही, तर ढकलणार कोण? आणि पसरट, गोल, बुडाचा कोपरा गोलाईनं वळलेला, बोट सहज फिरेल असं भांडं आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतं. मसाल्याचा डबा.

आता प्रश्न असा की छिद्रापासून पाणी किती खाली ठेवायचं. इथे पक्ष्याच्या जिभेबद्दल वाचावं लागलं. हमिंगबर्डची जीभ चोचीच्या बरीच पुढे बाहेर येते, टोकाशी दुभंगलेली असते आणि दोन्ही टोकांना बारीक झालर असते. पूर्वी शंभरावर वर्षं लोक समजत होते की केसाएवढ्या बारीक नळीत पाणी आपसूक चढतं तसा रस आपोआप जिभेत चढतो. २०११ मध्ये अलेहांद्रो रिको-ग्वेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की तसं नाही. जीभ रसात गेली की ती झालर उलगडते, बाहेर ओढली की मिटते आणि रस त्यात पकडून आणते. सेकंदाला दहाबारा वेळा आणि त्याहूनही जास्त हे चालतं. मी आयुष्यभर पकडी, चिमटे, कोलेट बनवले. असा चिमटा मी पाहिला नव्हता. तो व्हिडिओ मी हिला बोलावून दाखवला, तर ही म्हणाली, "एवढीशी जीभ आणि एवढी मेहनत." बराच वेळ आम्ही दोघं पुन्हा पुन्हा पाहत बसलो.

तर चोच साधारण १८ ते २० मिमी आणि वर जिभेची लांबी. म्हणजे पाणी छिद्राखाली २५ मिमीवर गेलं तरी पक्ष्याला पोचतं. दुसऱ्या बाजूला मधमाशी. तिची सोंड सहा-सात मिमी. पाणी त्याहून खाली असलं की माशी छिद्राशी घुटमळते आणि निघून जाते. टूसॉनमध्ये मधमाश्यांचा त्रास फार, एकदा फीडरवर बसल्या की पक्ष्याला जवळ येऊ देत नाहीत. म्हणजे मला पाण्याची पातळी ७ च्या खाली आणि २५ च्या वर ठेवायची होती. डब्याचा आतला व्यास १६० मिमी, तेव्हा एक मिलीमीटर उंचीत २० मिली पाणी मावतं. २४० मिली भरलं की १२ मिमी उंची. डब्याची भिंत २५ मिमी ठेवली तर भरलेला असताना पाणी छिद्रापासून १३ मिमी खाली, आणि संपत येईल तेव्हा २५. दोन्ही टोकं जमली. कागदावर हे आकडे बसले तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कुणाला सांगू शकलो नाही, रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

डबा ५५ मिमी उंच होता, तो कापायला शंकरच्या वर्कशॉपवर नेला. शंकर माझ्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःची दोन लेथ आहेत. पातळ पत्रा लेथवर धरणं अवघड, दाबला की चेपतो. त्यानं आत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला आणि मग कापला. कड आत वळवू का म्हणाला. मी म्हटलं बाहेर. आत वळवली की खाच होते आणि खाचेत बोट जात नाही.

टांगायचा गज मधून जाणार, म्हणजे बुडाला भोक पडणार, आणि भोक म्हटलं की गळती. वॉशर लावायचा नव्हता मला. रबर उन्हात कडक होतं, फुटतं, आणि त्याच्या कडेखाली घाण साचते. म्हणून मधोमध स्टीलची उभी नळी आर्गन वेल्डिंगनं जोडली, तिचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. गज त्या नळीतून जातो, पाण्याला लागतच नाही. खाली विंग नट. तो फिरवला की सगळं तीन तुकड्यांत सुटतं: गज, झाकण, डबा. वेल्डचा आतला काठ शंकरनं घासून गोल केला. मी डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हटलं, अजून. तो पुन्हा घासायला बसला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो म्हणाला, "काकाजी, पाणी तं गळून नाही राह्यलं, मंग कायले?" मी त्याला कापलेल्या तबकडीचा फोटो दाखवला. त्यानंतर त्यानं एकदाही विचारलं नाही, स्वतःच बोट फिरवून पाहायचा.

झाकण लाल ॲक्रिलिकचं, तीन मिमी जाडीचं. सीताबर्डीला पाट्या बनवणाऱ्याकडे उरलेल्या तुकड्यांत मिळालं. पक्ष्याचं लक्ष वेधायला एवढा लाल पुरतो, पाण्यात रंग घालायचं काही कारण नाही. त्यात ४ मिमीची चार छिद्रं. सगळ्यात जास्त वेळ त्या चार छिद्रांना गेला. ॲक्रिलिकला ड्रिल जोरात दाबलं की खालच्या बाजूनं टवका उडतो आणि बारीक धार राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, बोटालाही कधी कधी लागत नाही. त्यासाठी आमची टूलरूमची जुनी युक्ती: कापसाचा पिंजलेला पेळू छिद्रातून हळूच ओढायचा. कुठे धार असेल तिथे एखादा तंतू अडकतो. पहिल्या झाकणात चारपैकी तीन छिद्रांत तंतू अडकले. काउंटरसिंकनं दोन्ही बाजूंनी कड मारली, बारीक पॉलिश पेपरनं घासलं, पुन्हा कापूस. एका छिद्रात तरीही एक तंतू राहिला. ते झाकण मी बाजूला ठेवून दुसरं केलं. पक्ष्याची जीभ कापसाच्या तंतूहून नाजूक नसेल कदाचित, पण मला ती शंका घेऊन झोप आली नसती.

बसायला छिद्रांच्या बाहेरून तारेचं गोल कडं. हमिंगबर्डला बसायची गरज नाही असं बरेच लोक म्हणतात. गरज नसली तरी बसायला मिळालं की तो बसतो, हे मी तीन महिने पाहिलं आहे. हवेत थांबायला फार ताकद लागते, जेवताना तरी ती वाचू दे.

मुंग्यांसाठी काही नवं शोधावं लागलं नाही. माझ्या आजीच्या घरी, उमरेडला, दुधाच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. तीच वाटी इथे वर गेली. डब्याच्या वर, गजावर एक खोलगट वाटी, तिच्यात साधं पाणी. दोरीवरून उतरणाऱ्या मुंगीला ते ओलांडता येत नाही. तेल किंवा व्हॅसलीन लावायचा सल्लाही मिळतो, तो ऐकू नये. पक्ष्याच्या पिसाला लागलं तर ते निघत नाही. मी गच्चीवर खरं साखरेचं पाणी भरून तीन दिवस तपासलं. पहिले दोन दिवस एकही मुंगी नाही. तिसऱ्या दिवशी रांगच्या रांग आत. वाटीत पाणी होतं, दोरी कोरडी होती. बराच वेळ बसून पाहिलं तेव्हा कळलं, वारा आला की मोगऱ्याची एक फांदी डब्याच्या कडेला टेकायची आणि तेवढ्यात दोन-चार मुंग्या चढून घ्यायच्या. फांदी छाटली, रांग थांबली. मुक्ताला पहिली सूचना हीच लिहून पाठवली: चारही बाजूंनी हातभर जागा मोकळी.

पाण्याचं प्रमाण एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. साधी पांढरी साखर. ही म्हणाली गूळ घाला, साखरेपेक्षा गूळ बरा. आपल्यासाठी बरा, पण गुळात लोह असतं आणि या पक्ष्यांच्या अंगाला ते सोसत नाही. मधही नाही, त्यात बुरशी लवकर धरते. फुलांतल्या रसात जी साखर मुख्यतः असते, तीच आपल्या डब्यातली पांढरी साखर. आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी बदलायचं, फार उकाडा असेल तर रोज. दर वेळी डबा उघडून गरम पाण्यानं आणि बोटानं धुवायचा.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारचा मुलगा तिकडे शिकायला निघाला, त्याच्या बॅगेत डबा गेला. असे दोन केले होते, एक इथेच ठेवला. मुक्तानं टांगला त्याच दिवशी सकाळी एक मादी येऊन कड्यावर बसली. नात ईरा आठ वर्षांची आहे, तिनं फोन इतका हलवला की मला फक्त मेस्किटची पानं दिसली, पण तिचं "आबा, बसली! बसली!" अजून कानात आहे.

तीन आठवडे उत्तम गेले. मग एके दिवशी मुक्ताचा फोन. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात बारा महिने साडेबारा तासांचा फरक, आमची सकाळ साडेसात म्हणजे त्यांची आदल्या दिवशीची संध्याकाळ सात. ती म्हणाली, "बाबा, रात्री भरून ठेवला तर सकाळी रिकामा असतो. गळतोय बहुतेक."

माझ्या पोटात गोळा आला. पहिला संशय वेल्डवर. इथला जोडीचा डबा काढला आणि खडू-रॉकेलची परीक्षा केली: जोडाच्या बाहेरून खडू फासायचा, आतून रॉकेल ओतायचं. केसाएवढी फट असली तरी खडूवर ओला डाग उमटतो. रात्रभर ठेवलं, खडू पांढरा. पण तो इथला डबा. तिथल्या वेल्डमध्ये प्रवासात चीर पडली नसेल कशावरून? मुक्ताला म्हटलं, आज रात्री घरात ओट्यावर कागदी रुमालावर भरून ठेव. सकाळी रुमाल कोरडा, पाणी जसंच्या तसं. बाहेर टांगला की रिकामा. खाली जमिनीवर ओल नाही, मुंग्या नाहीत. एका रात्रीत २४० मिली वाफ होऊन जाईल, तर ते त्या चार छिद्रांतून शक्य नाही. तरी मी गणित केलंच. मला चार दिवस नीट झोप आली नाही. डब्यापेक्षा मला त्या पक्ष्याची काळजी जास्त. हमिंगबर्ड रात्री अंगाचं तापमान उतरवून गुंगीत जातो, कशीबशी शक्ती पुरवतो आणि उजाडल्याबरोबर त्याला खायला लागतं. नेमक्या त्याच वेळी भांडं रिकामं.

शोध लावला ईरानं. शुक्रवारची रात्र, तिला जागायची परवानगी होती. ओसरीतला दिवा घालवून खिडकीशी बसली. मुक्तानं मला फोन लावून दिला, माझी इथली सकाळ होती. फोनवर आधी नुसता अंधार. मग काहीतरी सर्रकन आलं, डब्यावर क्षणभर थांबलं, गेलं. मागून दुसरं. पुन्हा पहिलं. डबा हलायचा आणि झोके थांबायच्या आत तिसरं यायचं. वटवाघळं. लांब नाकाची, मधुरस पिणारी. उन्हाळ्यात उत्तरेकडे येतात, सग्वारो नावाच्या त्या उंच निवडुंगाच्या रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या फुलांवर आणि मग घायपाताच्या फुलोऱ्यावर जगतात, आणि उन्हाळा सरताना परत मेक्सिकोकडे जायच्या आधी टूसॉनच्या घराघरांतले फीडर रिकामे करतात. अमेरिकेत ही जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत होती. संख्या सावरल्यामुळे २०१८ मध्ये तिला त्या यादीतून काढलं. तिथला वन्यजीव विभाग तर अंगणात फीडर असलेल्या लोकांकडून रात्रीच्या नोंदी मागवून घेतो. माझ्या वेल्डला मी चार दिवस उगाच दोष दिला.

नंतर घरात दोन पक्ष पडले. मुक्ताचं म्हणणं, संध्याकाळी डबा आत घ्यायचा, उजाडायच्या आधी बाहेर, म्हणजे पक्ष्यांची न्याहारी चुकत नाही. ईराचं म्हणणं, वटवाघळांनाही भूक असते, ती एवढ्या लांब जाणार आहेत. ही तिच्या बाजूनं. मला दोघींचंही पटत होतं आणि माझ्याकडे एक डबा शिल्लक होता. पण तो रॉकेलनं माखलेला. कितीही धुतला तरी तो मी पाठवणार नाही.

म्हणून परवा पुन्हा भांडे ओळीत गेलो. त्याच दुकानात, तोच मसाल्याचा डबा. या वेळी दुकानदारानं न विचारता वाट्या काढून ठेवल्या आणि म्हणाला, "काकाजी, पक्षी आला काजी?" मी त्याला फोनमधला फोटो दाखवला. त्यानं बाजूच्या दुकानातल्या पोराला हाक मारली, त्यालाही दाखवला. तिथून सीताबर्डीला, पाटीवाल्याकडे. त्यानं लाल शीट काढायला हात घातला तेव्हा मी थांबवलं. हे झाकण रात्रीसाठी आहे, अंधारात लाल रंगाचा काय उपयोग? पारदर्शक घेतलं, म्हणजे डबा न उघडता मुक्ताला पातळी दिसेल. तुकडा आता टेबलावर आहे, वरचा कागद अजून काढलेला नाही. कापूस पिंजून ठेवला आहे. उद्या सकाळी शंकरकडे ड्रिल रिकामं आहे.